नामाला चिकटलेली माणसं

मराठीत 'आई आली' म्हटलं की ती बोलणाऱ्याचीच आई असते. 'माझी' म्हणावं लागत नाही. दुसऱ्या कुणाची असेल तर मात्र 'तुझी', 'त्याची', 'शेजारच्या पोराची' असं काहीतरी पुढं जोडावं लागतं. शब्द मोकळा सोडला की त्यात 'मी' आधीच बसलेला असतो. शाळेच्या व्याकरणात याची नोंद नाही. तिथं नामाला लिंग असतं, वचन असतं, विभक्ती असते. पुरुष असतो तो सर्वनामाला आणि क्रियापदाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि पोरांना हेच सांगते, कारण पेपरात हेच येतं.

('पुरुष' या संज्ञेचीही एक गंमत आहे. संस्कृत व्याकरणात 'तो' हा प्रथम पुरुष, 'तू' मध्यम आणि 'मी' उत्तम, म्हणजे रांगेत शेवटचा. मराठीत आपण इंग्रजीचं वळण घेतलं आणि 'मी'ला पहिल्या नंबरावर आणून बसवलं. पाणिनीच्या रांगेत तो सगळ्यात मागं उभा होता, आणि मला तेच जास्त शोभून दिसतं.)

नामालाही पुरुष लागतो, अगदी उघड उघड प्रत्यय म्हणून लागतो, हे मला सासरी आल्यावर कळलं. माझं माहेर परभणीकडचं, सासर धर्माबादचं. धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. लाल मिरचीचा बाजार, आणि त्यापुढं लगेच तेलंगण. बासरच्या सरस्वतीपुढं लेकरांना पहिलं अक्षर गिरवायला इकडची माणसंही घेऊन जातात. घरात मराठी, बाजारात मराठी-तेलुगू-हिंदीची सरमिसळ, आणि पाहुणेरावळे निम्मे निजामाबादकडचे.

सासऱ्यांची एक चुलत बहीण, आम्ही सगळे त्यांना आत्या म्हणतो, मिरचीच्या दिवसांत मुक्कामाला यायच्या. ओसरीत पोती अंथरलेली, त्यावर मिरच्यांचा ढीग, आणि भोवती बायका देठं काढत बसलेल्या. बोलणं अर्धं मराठीत, अर्धं तेलुगूत. मधूनच कुणीतरी शिंकायचं आणि मग ते शिंकणं सगळ्यांत फिरून यायचं. सवय नसलेल्या माणसानं हे काम केलं की आधी काही वाटत नाही, तासाभरानं बोटं पेटतात. माझी पेटली. पाण्यात हात घातला तर आग आणखी वाढली. आत्यांनी माझा हात ओढून घेतला, वाटीतलं गोडेतेल एकेका बोटाला चोळलं, आणि बाकीच्या बायकांकडं बघत म्हणाल्या, "नुव्वु मा इंटि कोडलिवि."

'मा इंटि' म्हणजे आमच्या घरची. 'कोडलु' म्हणजे सून, हे एव्हाना मला रोज ऐकून पाठ झालं होतं. पण शेवटचं 'वि' कुठून आलं ते कळेना. थोरल्या जाऊबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आपल्याला म्हणताना तसंच म्हणतात. तुला म्हणाल्या ना, म्हणून 'वि'."

व्याकरणाचा याहून नेटका खुलासा मी अजून वाचलेला नाही. 'वि' म्हणजे 'तू'. तेच मी स्वतःबद्दल बोलले तर 'नेनु मी कोडलिनि', मी तुमची सून. तिथं 'नि' म्हणजे मी. (आणि 'मी' म्हणजे तुमची! माहेरच्या जिभेला हा घोळ बरेच दिवस पुरला.) तिसऱ्याच कुणीबद्दल बोलायचं तर नुसतं 'कोडलु', त्याला पुढं काही नाही. या वाक्यांमध्ये 'आहे' नावाचं क्रियापद नाहीच. 'तू सून आहेस' यातला शेवटचा 'स' जे काम आपल्याकडं क्रियापदावर बसून करतो, ते तेलुगूत नामाच्याच अंगावर पडतं. सून हा शब्दच तुझ्या रूपात, माझ्या रूपात वेगळा होतो.

मोंढ्यात गेलं की हे जास्तच ऐकू येतं. तेलंगणातून माल घेऊन आलेला माणूस भाव पाडून मागणाऱ्या आडत्याला म्हणतो, "मेमु रैतुलम्", आम्ही शेतकरी. एकटा असेल तर 'नेनु रैतुनु'. समोरच्याला 'तू तर शेतकरी, तुला हे कळायला पाहिजे' असं सुनवायचं तर 'नुव्वु रैतुवु'. यातला 'रैतु' म्हणजे आपली रयतच. अरबी शब्द, फारसीतल्या जुन्या कारभारातून दोन्हीकडं रुजला. आपल्याकडं त्याचा अर्थ प्रजा असाच राहिला, तेलुगूत तो थेट शेतकरी झाला, आणि २०१८मध्ये तेलंगण सरकारनं एकरी मदतीची योजना काढली तिचंही नाव 'रैतु बंधु'. गंमत अशी की 'मेमु' गाळलं तरी चालतं. नुसतं 'रैतुलम्' म्हटलं तरी त्यात 'आम्ही' येतो.

त्याच्याच शेजारी उभा असलेला देगलूरकडचा माणूस म्हणतो, "आम्ही शेतकरी माणसं, मालक." 'आम्ही शेतकरी आहोत' असं खेड्यात कुणी म्हणत नाही, ते मोर्चाच्या व्यासपीठावर म्हणतात. बोलताना क्रियापद गळतं आणि राहतं ते नाम. मराठवाड्याच्या बोलीला पुरुषाचे प्रत्यय टाकून देण्याची तशीही हौस आहे. पुण्याकडं 'तू भाकरी खाल्लीस का' म्हणतात. त्यातली 'ई' भाकरीची आणि 'स' तुझा, एका क्रियापदावर दोघांचं ओझं. आमच्या परभणीकडं 'तू भाकर खाल्ली का?' बस्स. भाकरीचा मान राहिला, खाणाऱ्याचा गेला.

हे झालं 'कोण' या प्रश्नाचं. नामाला पुरुष चिकटण्याची दुसरी तऱ्हा जगात जास्त पसरलेली आहे, ती 'कोणाचं' या प्रश्नाची. तुर्कीत घराला 'एव' म्हणतात. 'एविम' माझं घर, 'एविन' तुझं, 'एवि' त्याचं किंवा तिचं, 'एविमिझ' आमचं. हंगेरियनमध्ये 'हाझ' म्हणजे घर, 'हाझम' माझं घर, 'हाझद' तुझं. फिनिशमध्ये 'तालो', 'तालोनी', 'तालोसी'. अरबीत माझं पुस्तक 'किताबी'. फारसीत 'किताबम' माझं, 'किताबत' तुझं, 'किताबश' त्याचं. आपल्या जवळ यायचं तर सिंधी आहे. सिंधीत नात्यागोत्याच्या शब्दांना असे प्रत्यय लागतात. मराठीची सख्खी बहीणच म्हणायची, पण ही लकब तिच्याकडं आहे आणि आपल्याकडं नाही.

तुर्कीनं तर दोन्ही प्रश्न एकत्र बांधलेत. 'ओरेत्मेन' म्हणजे शिक्षक. 'ओरेत्मेनिम' याचा अर्थ 'माझे शिक्षक' असाही होतो आणि 'मी शिक्षक आहे' असाही. फरक फक्त आघाताचा: शेवटच्या अक्षरावर जोर दिला तर माझे शिक्षक, त्याच्या आधीच्या अक्षरावर दिला तर मी शिक्षक. वर्गातली पोरं बाईंना हाक मारताना पहिल्या अर्थानं 'ओरेत्मेनिम' म्हणतात, आणि बाई कुठं ओळख करून देताना तोच शब्द दुसऱ्या अर्थानं वापरतात. तिथल्या मास्तरांचा मला थोडा हेवा वाटतो. आम्हाला पोरं 'मॅडम' म्हणतात.

अर्थात 'मॅडम'मध्येही 'माझी' आहेच. फ्रेंचमधलं 'मा दाम', माझी बाई. ते 'मा' इतकं मुरलं की आता कुणाला दिसत नाही, आणि पोरं बिनदिक्कत 'आमच्या मॅडम' म्हणतात. मराठवाड्याला अशा मुरलेल्या पुरुषांची सवय जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकवण्याची भाषा उर्दू होती, कचेरीची भाषाही तीच. त्यामुळं 'मौलाना' हा शब्द इकडं कुणाला शिकवावा लागत नाही. 'मौला' म्हणजे स्वामी आणि 'ना' म्हणजे आमचा. अरबीतला अख्खा 'आम्ही' त्या दोन मात्रांत आहे, पण 'ते मौलाना कोण?' असं विचारताना आपण त्यांना आमचेही मानत नाही आणि तुमचेही. 'बेगम' तसाच. तुर्की 'बेग' म्हणजे सरदार, त्याला 'माझा'चा प्रत्यय लागला. 'खानम'चंही तेच. छत्रपती संभाजीनगरला बीबी का मकबऱ्यात दिलरस बानू बेगम आहेत. औरंगजेबाची ही बायको १६५७मध्ये वारली. पाटीवर नाव वाचणाऱ्या सहलीच्या पोरांना त्या नावातला 'माझी' कुठून दिसणार? ज्यानं कुणी पहिल्यांदा बायकोला असं म्हटलं असेल त्याचा लाडिकपणा शतकांपूर्वीच झिजून किताब झाला.

तमिळमध्ये हीच झीज आईबापाच्या शब्दांची झाली आहे. संगमकाळातल्या, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळमध्ये माझा बाप 'एन्दै', तुझा बाप 'नुन्दै' आणि त्याचा बाप 'तन्दै'. आईलाही तशीच तीन रूपं: 'याय्', 'ञाय्', 'ताय्'. माझी आई आणि तुझी आई एकमेकींच्या कोण लागतात, असं विचारणारी त्या काळातली एक प्रेमकविता फार गाजलेली आहे. तीत हे 'याय्' आणि 'ञाय्' समोरासमोर उभे आहेत, 'एन्दै' आणि 'नुन्दै'ही. पुढं माझ्यातुझ्यातला फरक गेला आणि तिसऱ्याचा शब्द तेवढा उरला. आज तमिळमध्ये 'तन्दै' म्हणजे बाप आणि 'ताय्' म्हणजे आई, कुणाचेही. मूळचा 'त्याचा बाप' सगळ्यांचा बाप झाला. मला हे जरा विचित्र वाटतं. मराठीत उघडा 'आई' माझ्याकडं आला, तमिळमध्ये तो त्याच्याकडं गेला.

मणिपुरीत पुढून लावतात. 'इमा' माझी आई, 'नमा' तुझी आई, 'ममा' त्याची आई. इंफाळचा बायकांचा बाजार, जिथं दुकानं फक्त बायकांचीच, त्याचं नाव 'इमा कैथेल'. तिथं माझी आईच पाटीवर बसली आहे. अमेरिकेतल्या नवाहो भाषेत तर आई हा शब्द मोकळा सोडताच येत नाही. 'शिमा' माझी आई, 'निमा' तुझी, 'बिमा' त्याची. कुणाचीच नसलेली आई म्हणायची तर 'अमा', आणि त्याचाही खरा अर्थ 'कुणाची तरी आई' असाच. हात, पाय, डोळे यांचंही तसंच. हात आहे म्हणजे कुणाचा तरी असणारच, मग ते सांगून टाका, असा त्या भाषेचा खाक्या.

मराठीत प्रत्यय नाहीत म्हणून हा खाक्या आपल्याकडं नाही असं नव्हे. माहेर हा शब्द घ्या. कुणाचंच नसलेलं माहेर असतं का? आणि ते बाईचंच असतं. गड्याला घर असतं, गाव असतं, वाडा असतो, माहेर नसतं. पंढरीला माहेर म्हणायचं तर संतांनाही आधी लेक व्हावं लागतं. 'जाऊ' बाईचीच असते, 'साडू' पुरुषाचाच. फोनवर आवाज नीट येत नसला तरी 'आमचे साडू आलेत' एवढं कानावर पडलं की बोलणारा पुरुष आहे हे नक्की. नणंद, दीर यांचंही तसंच. हे शब्द स्वतःबरोबर आपला मालक घेऊन फिरतात. तेलुगूत तो शेवटी येतो, मणिपुरीत पुढं, आपल्याकडं तो पोटात असतो.

मानाच्या बोलण्यात तर आपण दोन पुरुषांसाठी दोन वेगळी नामंच ठेवली आहेत. माझं ते पोरगं, तुमचे ते चिरंजीव. माझी आई आजारी असते, तुमच्या मातोश्रींना बरं नसतं. आमचे आजेसासरे उर्दू शाळेत शिकलेले. ते पाहुण्याला 'दौलतखाना कुठं?' असं विचारायचे म्हणे, आणि स्वतःच्या चांगल्या दुमजली वाड्याला गरीबखाना म्हणायचे. दौलतखाना कधीच माझा नसतो आणि गरीबखाना कधीच तुमचा नसतो. तुमच्या घराला कुणी चुकून गरीबखाना म्हणून तर बघा! जपानीतही हेच: माझी आई 'हाहा', दुसऱ्याची 'ओकासान'; माझी बायको 'त्सुमा', तुमची 'ओकुसान'. प्रत्यय एकही नाही, आणि पुरुष पक्का.

'आम्ही'चं प्रकरण जरा वेगळं. मराठीत 'आमचं' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपलं' म्हटलं की आत. ही लकब द्रविड भाषांमधली, आणि धर्माबादला दोन्ही भाषा ती रोज वापरतात. तेलुगूत 'मा इल्लु' आमचं घर, 'मन इल्लु' आपलं घर. आत्या मला पहिल्या दिवशी 'मा इंटि' म्हणाल्या होत्या, 'मन इंटि' नव्हे. निवडणुकीच्या फ्लेक्सवरचा उमेदवार मात्र कायम 'आपला माणूस' असतो. 'आमचा माणूस' असं छापणारा अजून निघायचा आहे, खरं तर तेच प्रामाणिक झालं असतं.

माझ्या माहेरच्या बोलीनं यावर एक ताण केली आहे. 'आपलं' हे 'स्वतःचं' या अर्थानं कुणालाही चालतं: मी आपलं काम करते, तू आपलं काम कर, तो आपलं काम करतो. त्यात पुरुष नाही. परभणी, बीड, जालन्याकडच्या माणसांना ते पुरेना, म्हणून 'मपलं' आणि 'तुपलं'. 'मपलं मी बघते, तुपलं तू बघ.' 'म' आणि 'तु' पुढं चिकटवून दिले. धर्माबादला मी हे बोलले की अजूनही हसतात. कॉलेजच्या स्टाफरूममध्येही हसतात, आणि हसणाऱ्यांत मराठीचेच लोक पुढं असतात. बोलीला अडाणी म्हणणारांना फिनिशचे प्रत्यय ऐकवले की ते 'वा!' म्हणतात. 'तालोनी' भारी आणि 'मपलं' गावंढळ, हा न्याय मला कधी पटला नाही.

सीमेवर 'आमचं' आणि 'आपलं' यांना कागदी किंमतही असते. १ नोव्हेंबर १९५६ला हैदराबाद राज्य भाषेप्रमाणे वाटलं गेलं तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण मुधोळ, भैंसा, कुबेर ही सर्कलं आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही सर्कलं तिकडं आंध्रात गेली. आत्यांचं कुटुंब तिकडचं. लग्नं मात्र दोन्हीकडं होत राहिली. पुढं पाण्याचं तेच. गोदावरीवरचा बाभळीचा बंधारा आमच्याच तालुक्यात, २.७४ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). खाली श्रीरामसागर, तेलंगणातलं धरण. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१३मध्ये निकाल लागला: १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. तेलंगणच्या चळवळीची घोषणाच 'नीळ्ळु, निधुलु, नियामकालु' अशी होती, म्हणजे पाणी, पैसा आणि नोकऱ्या. आमच्या घरी हा विषय निघाला की सासरे 'आमचं पाणी' म्हणत आणि आत्या 'मन नीळ्ळु' म्हणत, म्हणजे आपलं पाणी. खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला 'आपलं' म्हणणंच परवडतं, असं सासऱ्यांचं त्यावर उत्तर असायचं.

पण 'कोणाचं' या प्रश्नाचा मराठीतला खरा ठिय्या मला वाटतं दुसरीकडंच आहे, आणि तो इतका रोजचा आहे की त्याच्याकडं लक्ष जात नाही. 'मला दोन भाऊ आहेत' असं आपण म्हणतो. 'माझ्याकडे दोन भाऊ आहेत' म्हटलं तर ते पाहुणे आलेत, किंवा मी त्यांना सांभाळतेय. 'त्याला सहा बोटं आहेत', पण 'त्याच्याकडे मोटारसायकल आहे'. 'ला' लागतो तो अंगाच्या, रक्ताच्या गोष्टींना. 'कडे', 'जवळ', 'पाशी' लागतं ते घेतलेल्या, देता येणाऱ्या वस्तूंना. नवाहोत जी रेघ हातपायांच्या आणि बाकी वस्तूंच्या मधून जाते, तीच ही.

आता मराठवाड्यात जमीन या रेघेच्या कुठल्या बाजूला आहे ते बघा. "त्याला आठ एकर हाय." "आम्हाला रान नाही, आम्ही मजुरी करतो." "तिच्या बापाला वरच्या अंगाला तुकडा होता." जमीन 'ला' घेते, भावासारखी आणि बोटासारखी. 'त्याच्याकडं आठ एकर हाय' असं गावात म्हटलं तर ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतो: कुणाची? कारण 'कडं' म्हणजे बटईनं किंवा ठोक्यानं केलेली. 'पाटलाची जमीन सालगड्याकडं हाय' या वाक्यात जमीन पाटलालाच आहे, गडी फक्त कसतोय. वर्तमानपत्रात आता सर्रास 'त्यांच्याकडे दहा एकर जमीन आहे' असं छापतात. त्यात चूक काही नाही, पण गावातला कान ते वाचून जरा थबकतो. ट्रॅक्टर नेहमी 'कडं'. विहीर 'ला'. बैलांचं दोन्ही चालतं: 'त्याच्याकडं चांगली जोडी हाय' आणि 'त्याला बैलबारदाना नाही'. बैल रेघेवरच उभा आहे असं म्हणायला हरकत नाही.

माझ्या सासऱ्यांच्या एका मित्रानं लेकीच्या लग्नासाठी तीन एकर विकली. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल बोलताना क्रियापद बदललं, 'ला' बदलला नाही. 'त्यांना तीन एकर होती की नदीकाठी.' सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलं, फेरफार झाला, नव्या मालकानं बांधाला तार मारली. मिरचीच्या जागी आता सोयाबीन असतं. तरी त्या रानाची आठवण निघाली की ते स्वतः म्हणतात, "मपल्या रानात लय चांगलं पाणी लागलं होतं." ते मूळचे पाथरीकडचे, म्हणून 'मपल्या'. माझ्याखेरीज त्या शब्दाला कुणी हसत नाही असं दुसरं माणूस धर्माबादला त्यांना मिळालं नाही.

'कोणाचं' आणि 'कोण' हे दोन प्रश्न तुर्कीत एकाच प्रत्ययावर भागतात. रैतु असणं आणि रान असणं हे आमच्याकडंही फार काळ एकच होतं. रान आहे म्हणजे शेतकरी आहे. आता ते सुटं होताना दिसतं, आणि ते सगळ्यात स्वच्छ दिसतं स्थळं बघताना. नणंदेच्या मुलीसाठी गेल्या वर्षी स्थळं बघणं चालू होतं. बायोडाट्याच्या पीडीएफ व्हॉट्सॲपवर यायच्या आणि मग नंदावे ओसरीत बसून फोन लावायचे. प्रश्नांचा क्रम ठरलेला. मुलाला भाऊ किती, बहिणी किती, नोकरी आहे का, घर आहे का, शेती किती. सगळ्याला 'ला'. एक स्थळ उमरीकडचं होतं, घराणं चांगलं, पत्रिकाही जुळत होती.

"मुलाला शेती किती?"

"बारा एकर आहे. सहा बागायत."

"बरं, बरं. आणि मुलगा...?" नंदावे जरा थांबले. "म्हणजे, शेतकरी नाही ना?"

"छे छे! पुण्याला कंपनीत आहे. शेती बटईनं दिलेली."

"मग काही हरकत नाही," नंदावे म्हणाले, आणि बैठकीला कोणता वार सोयीचा पडेल ते विचारायला लागले.